रिवरसिंग कोण?

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

परवा फोनवर मी सांगायला लागलो आणि तू 'जेवायला बसलोय रे' म्हणून मला कटवलंस. म्हणून हे पत्र. आता जेवण झालं असेल तर नीट वाच, कारण तुझ्याकडे माझं येणं निघतंय. दोन वडे. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचे.

१९७८ साल आठव. लोणावळ्याची लोकल नुकती सुरू झाली होती आणि आप्पा आपल्या दोघांना केवळ लोकलमध्ये बसवायचं म्हणून लोणावळ्याला घेऊन गेले होते. संगमाच्या पुलावर गाडी आली तशी तू नदीत टाकायला पाच पैसे बाहेर भिरकावलेस, ते खिडकीच्या गजाला लागून परत डब्यात पडले. समोरच्या बाईंनी ते उचलून तुझ्या हातात दिले, म्हणाल्या, "घे बाळा, नदीला नकोयत." पुढे खडकी आली, दापोडी आली आणि आप्पांची कळी खुलली. म्हणाले, "मी तुमच्याएवढा होतो ना, तेव्हा मुंबईला जाताना गाडी घाटात मध्येच थांबायची आणि उलटी चालायला लागायची. रिवरसिंगला." तू विचारलंस, "हा रिवरसिंग कोण? सरदारजी होता का?" आणि आपण दोघं हसून हसून लोळलो. आप्पा चिडले नाहीत. "दोन कर्जतचे वडे लावतो," एवढंच म्हणाले. तू पैज घेतलीस. मी कुणाच्या बाजूनं होतो ते तुला आठवत नसलं तर बरंच आहे.

हे सगळं वर आलं ते कोथरूडच्या जोशी रेल्वे म्युझियममध्ये. भाचीच्या मुलाला घेऊन गेलो होतो. सहा वर्षांचं पोर, प्रश्नांची नुसती सरबत्ती. १९९८ पासून आहे हे म्युझियम आणि मी पुण्यात राहून कधी गेलो नव्हतो, म्हणजे अगदी खरा पुणेकर. एका दालनात अख्खं शहर मांडलंय: सिग्नल, उड्डाणपूल, सर्कशीचा तंबू. दिवे मालवतात, टेबलावर रात्र होते आणि इवल्याशा डब्यांच्या खिडक्या उजळतात. मी पोराला दाखवायला गेलो होतो, पण कठड्यावर तोच मला कोपरानं ढकलत होता, इतका मी पुढे वाकलो होतो. तेवढ्यात एक इंजिन मागे येऊ लागलं. पोरगं ओरडलं, "आजोबा, ही उलटी का चालली?"

मी तोंड उघडलं आणि मला आप्पाच ऐकू आले.

मग काय, आठवडाभर वाचत बसलो. बंड्या, आप्पा अक्षरशः खरं बोलत होते. नाव रिव्हर्सिंग स्टेशन. बोरघाट चढताना डोंगराची सोंड मध्येच संपायची आणि गाडीला वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून रूळ सरळ नेऊन तिथेच संपवले. गाडी त्या टोकाशी जाऊन थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि आलेल्या दिशेकडे तोंड करून गाडी दुसऱ्या रुळावरून पुढचा चढ धरायची. इंग्रजी Z काढल्यासारखं. म्हणजे डब्यात बसलेल्या पोराला गाडी उलटी चाललीय असंच वाटणार, दुसरं काय! १९२९ च्या सुमारास विजेच्या गाड्या आल्या तेव्हा नवा मार्ग काढून हे स्टेशन बंद केलं. आप्पांचा जन्म १९१७ चा. हिशोब बरोबर जुळतो.

एकदा त्या घाटात शिरलो तो बाहेरच येईना. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्येच सुरू झाली होती, पण मधला घाट बाकी होता. तेव्हा मुंबईचा माणूस खोपोलीपर्यंत गाडीनं यायचा, मग पालखी, तट्टू किंवा माणसांच्या खांद्यावरची खुर्ची, आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडी. अशी पाच वर्षं काढली लोकांनी. १८६३ मध्ये घाट खुला झाला. २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल आणि चढ काही ठिकाणी असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, गाशा गुंडाळून परत जायचं की नाही? तिनं कंत्राट स्वतःकडे घेतलं, दोन इंजिनिअर नेमले आणि काम तडीला नेलं. कामावर १८६१ मध्ये ४२ हजारांच्या वर माणसं होती. पटकीनं किती गेली त्याला गणती नाही. आणि एवढं करून, त्या आठांतला महूकी मल्लीचा पूल १८६७ मध्ये कोसळला. घाईत केलेली चिरेबंदी. आपल्याकडच्या ठेकेदारांना नावं ठेवताना हे ध्यानात ठेव.

(अमृतांजन पूल म्हणजे रेल्वेचाच, असं तूही सांगत असायचास. तो घाटरस्त्यावरचा पूल. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. पैज लावली नव्हतीस, नाहीतर तिसरा वडा झाला असता.)

आज दुपारी एकटाच स्टेशनवर जाऊन आलो. गाडी पकडायची नसताना पुणे स्टेशन कधी पाहिलंयस का? मी मान वर करून उभा, आणि मागून हमाल 'काका, सरका' म्हणून ओरडतोय. ही इमारत २७ जुलै १९२५ ची, गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हस्ते. त्याच साली फेब्रुवारीत यानंच व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी सोडली. त्याचं नाव दिलेलं एक विजेचं इंजिन दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे. आप्पा म्हणायचे, "हे स्टेशन माझ्यासमोर उभं राहिलं." तेही आपण उडवून लावलं होतं. १९२५ मध्ये ते आठ वर्षांचे होते, सोमवार पेठेतून चालत दहा मिनिटं.

तिथून संगमावर गेलो. आता रेल्वेच्या आणि रस्त्याच्या पुलांच्या जोडीला मेट्रोचा आलाय, खाली जलपर्णी. रस्त्याच्या पुलावर टेकून उभा राहिलो. लोणावळ्याची लोकल आली. पुलावर चढली की तिचा आवाज बदलतो बघ, खडखडाट एकदम पोकळ होतो. तो अजून तसाच आहे. दारात एक पोरगा लटकला होता, त्यानं काहीतरी फेकलं. नाणं होतं की शेंगांची टरफलं, एवढ्या लांबून कळलं नाही.

तर येणं चुकतं कर. दिवाळीआधी ये. कल्याणला गाडी पकडशील ती कर्जतला थांबणारी बघ. घाट चढवायला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात, तेवढा वेळ वड्यांना पुरतो. सुकी चटणी जास्त मागून घे. दोनच आण: एक तुझ्या हरण्याचा, एक माझ्या. आप्पांच्या फोटोपुढे ठेवायचे नाहीत, शेवटी शेवटी त्यांना तेलकट अजिबात चालत नव्हतं. आपणच खाऊ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या