राजीनाम्याबद्दल, आणि तुमच्या त्या पॉलिसीबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की बाबा, तुम्ही "बँकेतली नोकरी कुणी सोडतं का?" म्हणणार आणि मला रडू येणार, म्हणून लिहितेय. सोमवारी मी राजीनामा दिला. तीन महिन्यांची नोटीस आहे.

काम झेपत नाही म्हणून सोडली असं मनात आणू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या दिवसांत, तुम्ही रात्री अकराला घरी यायचात. कॅश जुळल्याशिवाय शाखेतून हलत नव्हतात. आई, तू ताट झाकून बसलेली असायचीस. पण बाबा, तुमच्यासमोर येणारा माणूस स्वतःचे पैसे मागायला यायचा आणि तुम्ही ते मोजून त्याच्या हातात द्यायचात.

माझ्याकडे सकाळी नऊला कॉल येतो: आज किती खाती, किती विमा? दुपारी तेच, संध्याकाळी तेच. आकडा नसला की सगळ्यांसमोर बोलणी. तीही मी सहा वर्षं सोसली.

जूनमध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक काका एफडी करायला आले होते. वरून निरोप आला, एफडी नको, विम्याची पॉलिसी लॉगिन कर, म्हणजे तिचा अर्ज भरून घे. सही करताना त्यांनी विचारलं, "ताई, ही एफडीच ना?" आणि मी मान डोलावली. बाबा, मी मान डोलावली.

चार रात्री झोप नाही. शेवटी त्यांना बोलावून खरं काय ते सांगितलं. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तो अर्ज मीच भरून दिला. स्टॅम्प ड्युटी वगैरे कापून पैसे परत आले. काका एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतर शाखेत मला कसं वागवलं ते लिहीत नाही.

मी एकटी नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या अहवालात काही खाजगी आणि स्मॉल फायनान्स बँकांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्के दिलंय, म्हणजे वर्षाला चारांतला एक. आमच्या शाखेत माझ्याबरोबर लागलेलं कुणीच उरलेलं नाही. पगारासाठी गेलेले आहेतच, पण ओळखीच्या माणसाला तोंड दाखवता येईना म्हणून गेलेलेही मी पाहिलेत.

आता मुख्य गोष्ट. मागच्या मार्चमध्ये मी तुमच्या नावाने पॉलिसी काढली. "लेक सांगतेय ना" म्हणत तुम्ही न वाचता सही केलीत. पस्तीस वर्षं लोकांना "वाचून सही करा" सांगणारे तुम्ही. तुम्हाला तिची गरज नव्हती, मला आकडा भरायचा होता. तिचे ३० दिवस कधीच उलटलेत. आता बंद केली तर नुकसान आहे, म्हणून पुढचे हप्ते मी भरणार. दुसरी नोकरी लागेपर्यंत पुरेल एवढी शिल्लक माझ्याकडे आहे.

आई, ती फाईल लोखंडी कपाटात, वरच्या खणात आहे. मी रविवारी येतेय, तोवर काढून ठेव. बाबा, आपण दोघं बसून ती पहिल्या पानापासून वाचू.

तुमची,
सोनू