माळ्यावरची कॅसेट

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मँचेस्टरला पावसाने नुसती पिरपिर लावलीये. सकाळपासून मी घरात एकच गाणं लावून बसलेय. बाबा, बी जीज् आठवतात ना? 'सॅटर्डे नाइट फीव्हर'वाले. त्यांचा तो बारीक आवाज ऐकला की "मांजराची शेपटी कुणी पिरगाळली?" म्हणायचात. हे गिब बंधू लहानपणी इथेच, चोर्ल्टनमध्ये राहायचे.

त्यांचा सगळ्यात धाकटा भाऊ अँडी. तो बँडमध्ये नव्हता, पण त्याची पहिली तिन्ही गाणी अमेरिकेत एक नंबरला गेली. मग व्यसन लागलं. मार्च १९८८ मध्ये, तिसावा वाढदिवस होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते, हृदयाच्या स्नायूंना सूज येऊन तो गेला. पुढच्या वर्षी तिघा भावांनी त्याच्या आठवणीत 'विश यू वर हिअर' केलं. त्यात नाचायचा ठेका नाहीच, अगदी संथ आहे. नंतर २००३ मध्ये मॉरिस गेला, २०१२ मध्ये रॉबिन. आता एकटा बॅरी उरलाय. त्यांची आई २०१६ पर्यंत होती. मी गाणं ऐकते आणि डोक्यात ती बाईच येत राहते.

आई, आपल्याकडे नंदूचं नाव कुणी घेत नाही. "तेव्हा आपण जुन्या घरी होतो," एवढंच. 'तेव्हा' म्हणजे काय ते तिघांनाही कळतं, आणि विषय सांडग्यांवर जातो. त्याच्या वाढदिवसाला तू शिरा करतेस. का केलास विचारलं, की "रवा संपवायचा होता." दर वर्षी नेमका त्याच दिवशी रवा संपवायचा असतो!

गणपतीत त्याने गाणं म्हटलं होतं, त्याची कॅसेट माळ्यावर आहे ना? मधेच अडला आणि माइकमध्येच "आई, पुढे काय?" म्हणाला. लोक हसले होते. तुझा आवाजही आहे त्यात, पुढची ओळ सांगतानाचा. मला ते ऐकायचंय, तुम्हा दोघांबरोबर.

मी डिसेंबरात येतेय. तोवर ती टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, फितीला बुरशी आली असेल तर तुटेल. मी नीट साफ करून घेईन. आणि बाबा, स्टुलावर चढू नका. ट्रंक कुठली ते फक्त आईला विचारून ठेवा. तिला माहीत असणार.

तुमची,
बेबी