अणुभट्टीचं पातळ इंधन मोजायचं कसं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थोरियम या अणुइंधनावरचा तुमचा लेख आवडला, पण इंधन मोजायचा मुद्दाच राहिला म्हणून लिहितोय. थोरियमसाठी ज्या अणुभट्टीचं नाव घेतात त्या मोल्टन सॉल्ट रिअ‍ॅक्टरमधे इंधनच पातळ असतं, वितळलेल्या फ्लोराईड मिठात युरेनियम मिसळलेलं. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत 1965 ते 1969 अशी भट्टी चालली, तापमान साधारण 650 अंश सेल्सिअस. आमच्याकडं वाळव्यात गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी बघतो, इथं ते चालत नाही. घनता काढायची तर तारेला धातूचा गोळा बांधून मिठात सोडायचा आणि वजन किती घटलं बघायचं, तेही आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेटीत, कारण जरा ओल लागली की हायड्रोजन फ्लोराईड तयार होतं आणि ते भांडंच खातं. चिकटपणाही मोजावाच लागतो, नाहीतर पंपाचं डिझाईन कशाच्या जोरावर करणार?

केरळच्या किनाऱ्यावर आपल्या थोरियमची वाळू आहे. सांगलीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी निदान सोलर प्लँटमधे उष्णता साठवायला वापरतात ती नायट्रेट मिठं घ्यावीत, ती अडीचशे अंशांच्या आत वितळतात, त्यावर पोरांना ही मोजमापं नीट शिकवावीत ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सांगली