कामगार मंत्र्यांना खुलं पत्र: नाही म्हणा, पण लेखी म्हणा

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

मी कोल्हापूरची, शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या अकाउंट्समधे आहे. मुलीची बालवाडी साडेनऊला उघडते म्हणून नऊऐवजी दहाला येऊन संध्याकाळी तासभर जास्त थांबते असा अर्ज दिला. उत्तर काय, तर "बघू". होकार नाही, नकार पण नाही, आणि पाच मिनिटं उशीर झाला की लेट मार्क मात्र लगेच.

हे माझ्या एकटीचं नाही ओ. उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, कागल, इथल्या कुठल्याही कारखान्यात विचारा, कुणाच्या सासऱ्यांचं डायलिसिस, कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, पण मागायचीच भीती, कारण मागितलं की कामात लक्ष नाही असा शिक्का बसतो आणि इन्क्रिमेंटला तो बरोबर आठवतो.

कायद्यात आमच्यासाठी आहे काय? २०१७ ला मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, बाळंतपणाच्या रजेनंतर घरून काम करता येईल असं त्यात आलं, पण कामाचं स्वरूप तसं असेल तर आणि मालकाची संमती असेल तर. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत पण तेच. मालक बोललाच नाही तर पुढं काय, हे कुठंच नाही. आणि बापांना, म्हातारे आईवडील सांभाळणाऱ्यांना तर एवढं पण नाही. उलट सप्टेंबर २०२५ मधे आपल्याच मंत्रिमंडळानं दुकानं-आस्थापनांत रोजचे ९ तास १० करायला मंजुरी दिली. मालकाला तास लवचिक करून मिळतात, मग आम्हाला निदान वेळ बदलून किंवा घरून काम मागायचा हक्क तरी द्या!

ब्रिटनमधे हा हक्क २००३ ला लहान मुलांच्या आईबापांपासून सुरू झाला, २०१४ ला बाकीच्यांना मिळाला, आणि ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अर्ज करता येतो. मालकानं दोन महिन्यात निर्णय द्यायचा, नाकारायच्या आधी माणसाशी बोलायचं, आणि कायद्यात जी आठ कारणं दिलीत त्यातलंच कारण सांगायचं. मालकाला नाही म्हणता येतं तिथं पण, फक्त गप्प बसता येत नाही.

फाउंड्रीत भट्टीवर उभ्या माणसाला घरून काम जमणार नाही हे आम्हाला कळतंय, पण शिफ्ट बदलून मागायला त्याला कुणी अडवू नये. आणि आमचं म्हणाल तर लॉकडाऊनमधे जीएसटीची रिटर्न घरूनच भरली, २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा ऑफिसला पोचणारच कसं होतं. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीला गेलं की ज्याचं काम घरून होतं त्याला घरून करू द्या, एवढा नियम तरी या पावसाळ्याच्या आत काढा.

बाकी मागणी एवढीच, की राज्याच्या दुकानं-आस्थापना कायद्यात आणि कारखान्यांच्या नियमात अशा अर्जावर उत्तर द्यायला मुदत घाला, नकाराचं कारण लेखी द्यायला लावा, आणि अर्ज केला म्हणून कुणाची बदली केली किंवा पगारवाढ अडवली तर इथल्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार घेतली जाईल अशी सोय करा.

आपली,
शिरोलीतली एक कर्मचारी