थिऑलॉजीच्या अभ्यासाचा हिशेब

बर्मिंगहॅम,
९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी आणि दादा,
सप्रेम सलाम.

वहिनी, शाळा आणि घर सांभाळून थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकता येते का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर हे अर्धवटच सांगून होतं, म्हणून सविस्तर लिहिते. दादा मागून ओरडला होता, "पाळक व्हायचंय का तुला?" म्हणजे चर्चचा धर्मगुरू. त्याचं उत्तर आधी देते. इथल्या वर्गांत पाळकपणासाठी शिकणारे असतात, तसेच संडे स्कूल चालवणारे, हॉस्पिटलात चॅप्लिनचं, म्हणजे रुग्णांना धार्मिक आधार देण्याचं, काम करणारे आणि नुसतं समजून घ्यायला आलेलेही असतात. पाळक व्हायचं की नाही हे नाव घालताना ठरलेलं नसलं तरी काही अडत नाही.

इंग्लंडमध्ये संध्याकाळच्या थिऑलॉजीची वाट १९६० साली रुंद झाली. लंडनच्या दक्षिणेला साउथवर्क ऑर्डिनेशन कोर्स सुरू झाला आणि नोकरी न सोडता पाळकपणाचं शिक्षण घेता येऊ लागलं. तोवर घरदार सोडून कॉलेजात राहायला जाणं हीच रीत होती. २०१४ पासून चर्च ऑफ इंग्लंड आणि इतर काही पंथांच्या संस्था 'कॉमन अवॉर्ड्स' नावाचा एकच अभ्यासक्रम चालवतात, पदवी डरहॅम विद्यापीठाची असते. अर्धवेळ विद्यार्थ्याचं वेळापत्रक बहुतेक ठिकाणी आठवड्याला एक संध्याकाळ, वर्षात काही शनिवार-रविवार आणि एखादा सलग आठवडा असं असतं.

हे ऐकून लोक फसतात. एक संध्याकाळ म्हणजे तीन तास, तेवढे कोण काढणार नाही? पण खरा हिशेब क्रेडिटमध्ये आहे. एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचं काम, आणि त्यात वर्गातले तास थोडे, घरचे जास्त. वीस क्रेडिटचा एक विषय म्हणजे २०० तास. वर्षाला ६० क्रेडिट घेतले तर ६०० तास, चाळीस आठवड्यांत वाटले तर आठवड्याला १५. सर्टिफिकेटला १२० क्रेडिट लागतात, डिप्लोमाला २४० आणि बी.ए.ला ३६०. म्हणजे या वेगाने सर्टिफिकेट दोन वर्षांत आणि पदवी सहा वर्षांत. तुमच्यासारखीने वर्षाला ४० क्रेडिटच घ्यावेत असं मी स्पष्ट सांगते. आठवड्याला दहा तास निघतात, पंधरा निघत नाहीत. निघतात असं वाटतं ते फक्त जून महिन्यात.

हे दहा तास कसे कापायचे यालाही रीत आहे. भाषा रोज अर्धा तास, अगदी रविवारीसुद्धा. वाचनाला सलग दोन तासांचे दोन तुकडे, कारण पाऊण तासात जाड पुस्तकाच्या लेखकाचा मुद्दाच हाती लागत नाही. उरलेला वेळ लिहिण्यासाठी राखायचा, आणि तो पहिल्या आठवड्यापासून. "आधी सगळं वाचून घेते, मग लिहीन" म्हणणाऱ्यांचे निबंध उशिरा येतात आणि विस्कळीतही असतात. शिवाय कॅलेंडर आडवं येतं. सत्राअखेरचे निबंध हमखास नाताळच्या आणि ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहाच्या आसपास द्यायचे असतात, आणि मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, राबणाऱ्या माणसाला नेमकी तेव्हाच उसंत नसते. गायनवृंद, नाटुकली, प्रभुभोजनाची तयारी हे सगळं तुमच्याच गळ्यात असतं, मला ठाऊक आहे. म्हणून देण्याच्या तारखेच्या तीन आठवडे आधीची तारीख वहीत लाल शाईने लिहायची आणि तीच खरी मानायची.

आता मुख्य गोष्ट. जन्मभर शास्त्र वाचलेल्या माणसाला पहिल्या निबंधात कमी गुण मिळतात, आणि त्याला ते लागतं. पास व्हायला ४० गुण, ७० च्या वर प्रथम श्रेणी, आणि वीस वर्षं उपदेश करणाऱ्याच्या हाती पडतात ४५. त्याचं शास्त्राचं ज्ञान कमी असतं असं नाही. तो निबंधाच्या जागी उपदेश लिहून आलेला असतो. अर्धे शब्द गोष्ट पुन्हा सांगण्यात जातात आणि शेवटी "आपणही वाटून खावं" असा बोध येतो. शिकवणारे समासात एवढंच लिहितात: हे कशावरून?

एक उतारा धरून पद्धत सांगते. येशूने पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, आहे: मत्तय १४, मार्क ६, लूक ९, योहान ६. पहिल्या दिवशी भाष्यग्रंथ उघडायचा नाही. उतारा दोन-तीन भाषांतरांत वाचायचा आणि निदान दहा प्रश्न काढायचे. मग आडव्या मोठ्या कागदावर चार रकाने पाडून चारही उतारे हाताने उतरवायचे. सगळीकडे सारखं आहे ते एका रंगाने, दोघातिघांतच आहे ते दुसऱ्याने, एकाकडेच आहे ते तिसऱ्याने अधोरेखित करायचं. काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं ऐकीव होतं. रंग भरले की दिसतं: हिरवं गवत मार्कमध्ये आहे, जवाच्या भाकरी आणि तो मुलगा फक्त योहानात, "स्त्रिया व मुलं सोडून" ही भर मत्तयाची. पहिल्या तिघांत शिष्य वाढतात, योहानात येशू स्वतः देतो. वल्हांडण हा यहुद्यांचा सण जवळ आला होता हेही योहानच सांगतो.

यानंतर उताऱ्याच्या मागेपुढे बघायचं. मार्कमध्ये याच्या लगेच आधी हेरोदाची मेजवानी आहे, तिथे तबकात योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचं शीर येतं. एका जेवणामागून दुसरं जेवण. मग जुना करार: मार्कमधली "मेंढपाळ नसलेली मेंढरं" गणना २७:१७ मध्ये आहेत, आणि २ राजे ४:४२–४४ मध्ये अलीशा जवाच्या वीस भाकरींत शंभर माणसांना जेवू घालतो. एवढं झालं की भाष्यग्रंथ घ्यायचे, आणि एकमेकांशी पटत नाही असे निदान दोन. एकच वाचला तर निबंध त्याची नक्कल होतो. शेवटी आपलं म्हणणं एका वाक्यात मांडता आलं पाहिजे, उदाहरणार्थ, 'मार्कने ही गोष्ट हेरोदाच्या मेजवानीला लावून ठेवली आहे आणि राजा कसा असावा हा त्याचा विषय आहे'. २,५०० शब्दांचा निबंध हे वाक्य सिद्ध करण्यासाठी असतो. सिद्ध करायला उपयोगी नाही ते कितीही सुंदर असलं तरी कापायचं.

आणखी एका बाबतीत आपली माणसं अडकतात. उपदेशात दुसऱ्याचा दृष्टांत उचलला तर कोणी काही म्हणत नाही. इथे दुसऱ्याचा विचार तळटीप न देता घेतला की ती चोरी ठरते, आणि निबंध संगणकावर तपासले जातात. टिपण काढतानाच पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहून ठेवायचा. मागाहून शोधू म्हटलं तर सापडत नाही.

नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक, तिच्याबद्दल तुम्ही घाबरून विचारलंत, पण तुम्ही संस्कृत शिकवता, तुम्हाला ती इतरांहून सोपी जाईल. २४ अक्षरं आठवड्यात येतात. इथल्या मुलांना विभक्ती म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागते, तुम्हाला आठांच्या जागी पाचच शिकायच्या आहेत. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये द्विवचन नाही. 'अगच्छत्' मध्ये आधी 'अ' लागतो तसा तिथे भूतकाळी ऱ्हस्व 'ए' लागतो. आत्मनेपद ज्याला माहीत आहे त्याला ग्रीकचा मधला प्रयोग समजावून सांगावा लागत नाही. वर्ग गळायला लागतो तो धातुसाधितांपाशी, आणि शतृ-शानच् घोकलेल्यांना तिथे दिलासा असतो. नव्या करारात वेगवेगळे शब्द सुमारे ५,४०० आहेत, पण पन्नास किंवा जास्त वेळा येणारे तीनशेच्या आसपास, आणि त्यांनी जवळजवळ ८० टक्के मजकूर भरतो. रोज पाच शब्द, आठवड्यातून एक दिवस फक्त उजळणी. मोबाइलवर ग्रीकखाली इंग्रजी छापलेलं वाचून भाषा येत नाही, येते असं वाटतं मात्र. जुन्या कराराची हिब्रू दुसऱ्या वर्षाला ठेवा. दोन लिप्या एकत्र सुरू करणाऱ्यांची दोन्ही सुटतात.

सिद्धान्ताच्या विषयात चूक वेगळी होते. चर्चच्या मोठ्या परिषदा, निकिया ३२५, कॉन्स्टँटिनोपल ३८१, खाल्केदोन ४५१, अशी सनावळी लिहून लोक मोकळे होतात. तिथे विचारतात की भांडण कशावरून होतं. येशू हा देवाने निर्माण केलेला असं म्हणणाऱ्या एरियसला पहिल्याच ओळीत पाखंडी म्हणून मोडीत काढायचं नसतं, त्याची बाजू त्यालाही मान्य होईल इतकी नीट मांडावी लागते. त्यानंतर अथानासियस त्याला का विरोध करतो हे समजतं. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमात हा भाग सर्वांत उपयोगी आहे. आपल्या पंच कमिटीतही उपयोगी पडेल.

विश्वासाचं काय, हे दादाला विचारायचं असेल. पहिल्या सत्रातच कळतं की सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत मार्कचं शुभवर्तमान १६:८ लाच संपतं, पुढची बारा वचनं त्यांत नाहीत. सिनाई हस्तलिखिताचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, १९३३ साली सोव्हिएत सरकारकडून विकत घेतलेला. अशा गोष्टींनी काहीजण हादरतात, काहीजण सगळं उडवून लावतात. दोघांनाही बोलायला गट लागतो, म्हणून एकट्याने चालणाऱ्या कोर्सपेक्षा गट असलेला कोर्स चांगला. आणि या आठवड्यात शिकलेलं या रविवारी व्यासपीठावरून सांगायचं नाही. मुरू द्यायचं.

अवघड प्रश्न विचारायला तुम्ही बिचकू नका. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, तिथल्या मठातल्या भगिनींना पत्रांतून प्रश्न विचारतच राहिल्या. पुढे मूळ भाषा शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं.

नगरला बसून करायचं तर बंगालमधल्या सेरामपूरचा मार्ग बघा. १८१८ सालचं कॉलेज, १८२७ ची डेन्मार्कच्या राजाची सनद, आणि आज पदव्या देणारं सेनेट ऑफ सेरामपूर. नोकरदार विश्वासणाऱ्यांसाठी त्यांचा ख्रिस्ती अभ्यासाचा बाह्य डिप्लोमा आणि पदवी आहे. दुसरी वाट बंगळुरूच्या टाफ्टी या दूरशिक्षणाने थिऑलॉजी शिकवणाऱ्या संस्थेची. घरी रोज थोडा स्वाध्याय आणि ठरल्या दिवशी गटाची बैठक, अशी ती पद्धत आहे. दोघांनाही पत्र टाकून चार गोष्टी लेखी विचारा: माध्यम कोणतं, परीक्षा केंद्र कुठे, निबंध तपासून शेरे लिहून परत मिळतात का, आणि एकच विषय घेऊन सुरुवात करता येते का. तिसऱ्याचं उत्तर नाही आलं तर दुसरीकडे बघा. शेऱ्यांशिवाय कितीही शिकलं तरी लिहिणं सुधारत नाही.

पुस्तकांसाठी पुण्याला युनियन बिब्लिकल सेमिनरीत किंवा ज्ञानदीप विद्यापीठात बाहेरच्यांना ग्रंथालयात बसून वाचू देतात का, ते दादाने एकदा जाऊन विचारावं. मंडळीचं पत्र बरोबर न्यावं.

मुलांना खूप प्रेम.

तुमची,
ताई

ता. क. शेजारच्या काकूंचा मुलगा इथे नोकरीच्या व्हिसावर आहे, त्यालाही हे करायचंय असं तुम्ही म्हणालात. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरीला बाधा येत नसेल तर शिकता येतं. फीसाठीचं सरकारी कर्ज मात्र साधारणपणे त्या व्हिसावर मिळत नाही, तेव्हा त्याने हप्त्यांची सोय आधी विचारावी.