काल्पनिक बंदराला भरती-ओहोटी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कल्पनेतल्या नगरांवरचा लेख वाचला. मराठीत फँटसी लिहिणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांची दखल वर्तमानपत्रानं घेतली, याचा मनापासून आनंद झाला. पण लेखाबरोबर छापलेलं बंदराचं चित्र पाहून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. धुकं, दगडी बुरूज, गल्लीच्या तोंडाशी दारूचा गुत्ता आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेला खलाशी. हे शहर आपण सगळ्यांनी शंभरदा पाहिलेलं आहे. ज्या मुंबईत ते छापलं गेलं ती स्वतःच बंदर आहे, आणि तिच्यातलं त्या चित्रात काहीही नव्हतं.

माझ्या घरी, माझगावला, दर शनिवारी माझा भाचा आणि त्याचे चार मित्र जमतात. फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा खेळ खेळतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी स्वतःचं एक बंदर रचायला घेतलं, नाव ठेवलं दर्याणे. कार्डशीटवर राजवाडा, जादूगाराचा मनोरा, बाजार सगळं नीट आखून झालं. समुद्र मात्र निळ्या स्केचपेननं एकदा रंगवला आणि विषय संपला. मी विचारलं, "गलबत धक्क्याला किती वाजता लागणार?" भाचा म्हणाला, "मावशी, कधीही. आलं की लागलं."

माझे वडील गोदीत कामाला होते. "आज भरती रात्रीची आहे, बाबांना उशीर होईल," हे वाक्य ऐकत मी मोठी झाले. १८८० साली सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकचे दरवाजे भरतीच्या सुमारासच उघडायचे. तेवढ्या वेळात जहाज आत घेतलं तर घेतलं, नाहीतर पुढच्या भरतीपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबायचं. म्हणून अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी पाचही मुलांना पहाटे उठवून भाऊच्या धक्क्यावर नेलं. सहा-साडेसहाला पूर्ण ओहोटी होती. रेवसची लाँच इतकी खाली, की वरून तिचं छप्पर दिसत होतं. खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, कडेला कालवं चिकटलेली. मुलांनी उघड्या पायऱ्या मोजल्या, चौदा भरल्या. दुपारी साडेबाराला तिथेच उभं राहून पुन्हा मोजल्या तर तीन. अकरा पायऱ्या समुद्रानं मुलांच्या डोळ्यांदेखत गिळल्या होत्या. सगळ्यात धाकटा बराच वेळ काही बोललाच नाही, नुसता त्या पाण्याकडे बघत राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी दर्याण्यातला जादूगाराचा मनोरा खोडला गेला. त्या जागी एका म्हाताऱ्या कोळणीचं घर आलं. तिला भरतीची वेळ तोंडपाठ. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब मी मुलांना सांगितला होता. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यावरून हे गणित बसलेलं आहे. आता दर्याण्यात राजालाही कुठे जायचं असलं तर आधी तिच्या दारात यावं लागतं.

नंतर पावसाळ्याचा विचार निघाला, आणि इथे मुलं खरी रमली. परक्या फँटसीतल्या बंदरात जहाजं बारा महिने येतात. आपल्याकडे आजही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. शिडांच्या काळात तर सगळा व्यापारच वाऱ्यावर चाले. अरबस्तान-आफ्रिकेकडची गलबतं नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर इकडे यायची आणि थंडीत ईशान्येचा वारा धरून परत जायची. वारा फिरेपर्यंत परक्या माणसांना इथे महिनोन्‌महिने काढावे लागत. मग ती घर भाड्यानं घेत, उधारीवर जगत, लग्नं करत, आपलं प्रार्थनास्थळ बांधत, त्यांची भाषा गल्लीत मुरत जाई. बंदरात दहा भाषा का ऐकू येतात, याचं उत्तर त्या थांबण्यात आहे. दर्याण्यात आता चार महिने समुद्र बंद असतो. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, जाळी विणायला काढलेली, सावकाराची वही फुगत चाललेली. सगळी कारस्थानं त्याच काळात शिजतात, आणि नारळी पौर्णिमेला कोणाची होडी पहिली सुटणार यावरून दोन वाड्यांचं वैर आहे. अशी गोष्ट परक्या धुक्यात सुचली नसती.

त्या चित्रात बाईमाणूस एकही नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. पहाटे ससून डॉकला एकदा उभं राहावं. लिलावाची बोली, टोपल्यांची ओढाताण, कोलंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगा. दर्यावर पुरुष जातो, पण मासळी किनाऱ्याला लागली की तिचा भाव आणि पैसा बहुतेक कोळणीच्या हातात असतो. दारूच्या गुत्त्यापेक्षा तिथे कितीतरी जास्त गोष्टी सापडतील.

गल्ल्यांना नावं काय द्यायची, यावर मुलं अडली तेव्हा मी फक्त आमच्या आसपासची नावं वाचून दाखवली. लाकडी बंदर, कोळसा बंदर, दारूखाना (म्हणजे तोफेच्या दारूचं कोठार). एकेका नावात त्या धक्क्यावर काय उतरायचं, काय साठवलं जायचं, याची खूण राहिली आहे. उद्ध्वस्त प्राचीन नगर हवं होतं, तर विरार लोकलनं नालासोपाऱ्याला जाता येतं. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा जिथे सापडला ते शूर्पारक एके काळी मोठं बंदर होतं. खाडी गाळानं भरली आणि समुद्र लांब गेला.

ड्रॅगनचा हल्ला मात्र मुलांना हवाच होता. त्यावर मी त्यांना १४ एप्रिल १९४४ ची हकिकत सांगितली. व्हिक्टोरिया डॉकमधल्या फोर्ट स्टिकिन जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गासड्या एकाच वेळी भरलेल्या होत्या. आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले, गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. म्हणून १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. मुलं गप्प झाली. दर्याण्यात ड्रॅगन राहिला, पण त्याच्या फुत्काराआधी कोणत्या गोदामात काय ठेवलंय याची यादी आली, आणि बंब घेऊन धावणाऱ्यांची नावं आली.

संपादक महोदय, माझी एक विनंती आहे. पुरवणीत दर आठवड्याला एक छोटी चौकट द्या. निवृत्त गोदी कामगार, तांडेल, सारंग, मासळी विकणाऱ्या बायका यांच्या तोंडचे शब्द त्यात अर्थासह छापा. उधाण, भांग, मतलई, शिबाड, पडाव, खडप. हे शब्द बोलणारी माणसं आता थकली आहेत. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्याबरोबर किती शब्द गेले, त्याचा हिशेब मला लागत नाही. लिहिणाऱ्या मुलांना ते आज हवे आहेत.

या शनिवारी दर्याण्यात अष्टमी आहे. भरती सहाला, आणि एक गलबत कालपासून खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून थांबलं आहे.

आपली,
एक वाचक, माझगाव, मुंबई