पिल्लू पाळलेल्या सभासदांसाठी : रविवारी सकाळी ९ वाजता क्लबहाउसमध्ये बैठक

नमस्कार सभासदहो,

कोथरूडच्या आपल्या सोसायटीत यंदा बऱ्याच घरांत कुत्र्याची पिल्लं आली आहेत. घरात शू केली म्हणून काही पिल्लांना मार बसतो, असं कानावर आलं. कळकळीची विनंती : मारू नका, नाक फरशीला घासू नका. त्याने पिल्लू शू थांबवत नाही, सोफ्यामागे लपून करायला शिकतं.

याबद्दल येत्या रविवारी बोलू. पिल्लाला रोज जो फिरवतो त्याने जरूर यावं. पिल्लांना मात्र घरीच ठेवा.

तोवर एवढं करा :

• झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीनेक तास धरू शकतं. शू झाली की त्याच क्षणी, तिथेच खाऊ द्या. घरात परतल्यावर दिलेला खाऊ कशासाठी, हे त्याला कळत नाही.

• लसी पूर्ण होईपर्यंत खालच्या बागेत सोडू नका, पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका असतो. बाल्कनीत वर्तमानपत्र चालेल.

• फरशी एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. वास उरला की पिल्लू तिथेच परत जातं.

• शिकलेलं पिल्लू अचानक घरात वारंवार शू करू लागलं, तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

• लिफ्टमध्ये किंवा जिन्यात झालं, तर मालकाने लगेच पुसावं. सफाईवाल्या मावशींवर सोडू नये.

महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना राहिला असेल, तर रेबीज लसीचा दाखला बैठकीला सोबत आणा.

– व्यवस्थापन समिती